आंब्याला फणस

आमच्या आणि काकूंच्या सोसायटीच्या मध्ये कंपाउंडची एक भिंत आहे. छातीएवढी उंच, वरचं शेवाळ वाळून काळं पडलेलं, आणि मधोमध प्लास्टर निघून जिथे विटा दिसतात तिथे चहाचा कप बरोबर बसतो. मुलुंड पूर्वेला अशा भिंती आता मोजक्याच राहिल्यात. बाकीच्या रीडेव्हलपमेंटमध्ये गेल्या, त्यांच्या जागी निळे पत्रे आले, आणि पत्र्यावर कप ठेवता येत नाही. आमची टिकली, कारण दोन्ही सोसायट्यांचं आपापल्या बिल्डरशी काही केल्या जुळत नाही. काकू त्यांच्या बाजूला बादली पालथी घालून तिच्यावर उभ्या राहतात. वय शहात्तर. मुलगा ओरडतो, "आई, पडशील!" त्या म्हणतात, "पडले तर भिंतीवरच पडेन ना."

मागच्या रविवारी सकाळी हाक आली ती थेट मुद्द्यावरच.

"काय गं, काल तुमच्याकडे फार हशा चालला होता."

"हळदीकुंकू होतं काकू. रथसप्तमीच्या आत उरकायचं होतं."

"ते कळलं गं. हसत कशाला होतात?"

सांगावं की नाही, मला क्षणभर कळेना. कारण काकूंना बोलावणं नव्हतं. काका जाऊन सात वर्षं झाली. आमची कमिटी एरवी मोठी पुढारलेली, कचऱ्याचं वर्गीकरण करते, सोलर बसवायचं म्हणते, पण हळदीकुंकवाच्या यादीची वेळ आली की जुनीच वही निघते. ती यादी मी वाचली होती आणि गप्प बसले होते.

"उखाण्यांवर हसत होतो," मी म्हटलं. "दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेने मोबाइलला सांगितलं, पंचवीस उखाणे करून दे. चहाला उकळी यायच्या आत दिले त्याने."

"कसे होते?"

"यमकं फर्स्ट क्लास. हा ऐका. आंब्याच्या झाडाला लागले फणस, अमुकरावांचं नाव घेते, सून मी सरस."

काकू इतक्या हसल्या की बादली वाजली. "आंब्याला फणस! अगं, यमकासाठी झाडाचा धर्मच बदलला मेल्याने."

माझी भाची गॅलरीत दात घासत उभी होती. पवईला आयआयटीत पीएचडी करते, शनिवारी रात्री धुण्याचं गाठोडं घेऊन माझ्याकडे येते. तिचा विषय रसायन नव्हे, पण मेसमध्ये पोळीच्या रांगेत कोण कुठल्या विभागाचं हे कोण विचारतं? सगळ्यांच्या भानगडी सगळ्यांना ठाऊक. ती चूळ भरून खाली आली आणि म्हणाली, "काकू, आमच्याकडच्या केमिस्ट्रीवाल्यांचंही हेच दुखणं आहे. त्यांचं मशीनही आंब्याला फणस लावतं."

"म्हणजे गं?" काकूंनी बादलीवर पाय नीट रोवले. काका मुलुंडच्या हेक्स्टमध्ये होते, रिसर्च सेंटरला. लिहायचं होएक्स्ट, म्हणायचं हेक्स्ट; जर्मन कंपनी. त्यामुळे रसायन हा विषय काकूंना परका वाटत नाही. तो त्यांच्या सासरचा आहे.

"तुम्ही कधी फोनवर कोणाला ठिपक्यांची रांगोळी सांगितलीय?" भाचीने विचारलं.

"कधी काय, दर दिवाळीला. पुण्याच्या बहिणीला. सात ते चार, दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या ठिपक्यातून निघ, वळसा घाल, परत तिथेच ये. तिची येते वेगळीच, तो भाग सोड."

"झालं तर मग. रेणू म्हणजे रांगोळी. अणू हे ठिपके आणि मधल्या रेघा म्हणजे त्यांनी एकमेकांचे धरलेले हात. पण अक्षरं वाचणाऱ्या मशीनला रांगोळी कशी द्यायची? ओळीत सांगावी लागते, तुमच्या बहिणीला सांगता तशी. डेव्हिड वाइनिंगर नावाच्या अमेरिकन माणसाने त्याची एक रीत बसवून दिली, १९८८ साली छापली. स्माइल्स म्हणतात तिला. कार्बनचा सी, ऑक्सिजनचा ओ. सॅनिटायझरमधलं इथेनॉल लिहायचं तर नुसतं सी-सी-ओ. फांदी फुटली की कंसात. गोल करायचा असला तर रेघ जिथून सुटली तिथे एक आकडा टाकायचा आणि फिरून जिथे मिळते तिथे पुन्हा तोच आकडा."

"आणि हायड्रोजन? ह्यांच्या कागदावर सगळीकडे एच असायचे."

"ते लिहायचेच नाहीत. आहेत असं धरून चालायचं."

"आमटीतल्या मिठासारखं," काकू म्हणाल्या. "बरं, रांगोळीची अक्षरं झाली. पुढे?"

पुढचं तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते, कारण ती मध्येच इंग्रजीत शिरते. अशा लाखो ओळी मशीनला वाचायला द्यायच्या. ते काही समजून घेत नाही. कुठल्या अक्षरामागून कुठलं येतं एवढंच घोटत बसतं. काकू 'अगं ऐकलंस' म्हणाल्या की पुढे 'का' येणार हे मला जसं आधीच कळतं, तसं. घोटून घोटून तयार झालं की त्याला मोकळं सोडायचं आणि सांगायचं, आता तुझ्या मनाने बोल. मग ते कोणी कधी न लिहिलेल्या ओळी लिहायला लागतं, म्हणजे कोणी कधी न बनवलेले रेणू. जनरेटिव्ह मॉडेल म्हणतात ते हे. रसायनात हे वारं २०१६ ते २०१८ च्या सुमारास जोरात सुटलं. हार्वर्डमधल्या आलान आस्पुरू-गुझिक यांच्या गटाचा लेख तेव्हाचाच.

"पहिल्या पहिल्या मॉडेलांची फार गंमत होती," भाची म्हणाली. "कार्बनला चार हात असतात. ही पाच हातांचे कार्बन लिहायची. कंस उघडायची आणि मिटायला विसरायची. ती व्याकरणाची चूक. आता ती बरीच आटोक्यात आलीय. दुसरी चूक मात्र जात नाही. ओळ शुद्ध, चार हात जागच्या जागी, कागदावर औषध म्हणून नंबर एक. आणि रसायनवाला बघून म्हणतो, हे कोणाच्या बापाला बनवता येणार आहे?"

"आंब्याला फणस."

"आंब्याला फणस."

काकूंनी कप विटेवर ठेवला. "पण मला सांग, एवढे रेणू आधीच आहेत, त्यात आणखी कशाला?"

प्रश्न काकूंचा असला तरी खोट काढण्यासारखा नाही. भाचीने सांगितलं, औषध होण्याजोग्या आकाराचे रेणू किती होऊ शकतील याचा एक अंदाज नेहमी दिला जातो: १ वर ६० शून्यं. त्यातले आजवर बनवलेले म्हणजे चौपाटीवरून उचललेली चिमूटभर वाळूसुद्धा नाही. एकेक तपासायचा म्हटला तर पृथ्वीचं आयुष्य पुरणार नाही. म्हणून कुणीतरी कानात सांगायला हवं, अमुक गल्लीत जा, तिथे बघ.

"म्हणजे वधूवर सूचक मंडळ. स्थळं सुचवायची. पत्रिका बघायची ती दुसऱ्याने, संसार करायचा तिसऱ्याने."

"आता पवईचं ऐका," भाची म्हणाली. तिचा आवाज खाली गेला, म्हणजे आता घरची गोष्ट. केमिस्ट्रीत राघवन सुनोज म्हणून प्राध्यापक आहेत, कॉम्प्युटरवर रसायन करणारे. त्यांचा आणि सुकृती सिंह यांचा एक लेख २०२२ साली 'आयसायन्स' मासिकात आला. बाकीचे लोक लाखो ओळींच्या गोष्टी करतात. यांनी धरली ३७.

"सदतीस लाख?"

"नुसती सदतीस. सदतीस अल्कोहोलं."

"आमच्या चौथ्या मजल्यावरच्याला माहीत असतील तेवढी," काकू म्हणाल्या.

ती अल्कोहोलं नव्हेत. रसायनात अल्कोहोल हे आडनाव आहे, मोठं खानदान. ज्याच्या कार्बनच्या हातात ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, तो त्या घरातला. ती जोडी सोडवून तिच्या जागी फ्लोरिन बसवायचा, अशी एक क्रिया आहे. आता फ्लोरिनच का, तर काकूंच्या रात्रीच्या गोळीसाठी. काकूंनी कमरेच्या बटव्यातून पाकीट काढून दाखवलं: ॲटॉर्वास्टॅटिन, कोलेस्टेरॉलची. तिच्यात एक फ्लोरिन आहे. बाजारात असलेल्या औषधांपैकी सुमारे २० टक्क्यांत तो सापडतो. कार्बन आणि फ्लोरिनची गाठ फार पक्की. यकृत औषध कुरतडायला बसतं, तिथे त्याचा दात लागत नाही, आणि गोळी जास्त वेळ टिकते.

पण ही अदलाबदल प्रत्येक अल्कोहोलला सारखी मानवत नाही. कुठे भरपूर माल हाती येतो, कुठे तळाशी चमचाभर. रसायनवाले याला यील्ड म्हणतात. काकूंचं माहेर कल्याणचं असलं तरी आजोळ कोपरगावचं, त्या लगेच म्हणाल्या, "उतारा म्हण की. उसाचा उतारा." त्यापेक्षा चांगला शब्द मला तरी सुचत नाही. अमेरिकेत प्रिन्स्टनला एबिगेल डॉयल यांच्या प्रयोगशाळेने २०१८ साली ३७ अल्कोहोलं, ५ फ्लोरिन देणारी रसायनं आणि ४ आम्लारी अशा सगळ्या जोड्या लावून ७४० क्रियांचा उतारा मोजला होता. हात तिकडचे. पवईच्या मशीनने त्या ३७ नावांवरून नवी नावं रचली: घडवायला फार अवघड नसतील अशी, आणि उतारा जास्त देतील असा अंदाज असलेली.

"सदतीस उखाण्यांवर अडतिसावा रचायचा म्हणजे काय तोंडाची गोष्ट आहे?" काकूंना ते पटेना. "नवी नवरी बावचळते."

"नवरीला आधी मराठी येत असतं ना काकू? तसं मशीनला आधी रेणूंची भाषा शिकवायची, मोठ्या साठ्यावरून. मग या ३७ जणांची घरची बोली. याला ट्रान्सफर लर्निंग म्हणतात. बदली होऊन आलेला मास्तर कसा, शिकवायला नव्याने शिकत नाही, गावाचे रीतिरिवाज तेवढे शिकतो."

मला यात आवडलं ते ३७. एरवी या मशीनांबद्दल जे काही वाचावं त्यात आकड्यांनी डोळे दिपतात, एवढे अब्ज, तेवढी वीज. आपल्याकडच्या प्रयोगशाळेत कोण बसवून देणार आहे लाख क्रिया? ज्याच्या डब्यात मूठभर पोहे आहेत त्याने पाहुणा आल्यावर काय करायचं, हा प्रश्न पवईच्या लोकांनी धरला. तो आमच्या ओळखीचा आहे.

"बनवून बघितले का पण?" काकूंनी बोट नेमकं ठेवलं.

"लेखात ते स्वतःच म्हणतात की ही पद्धत चालते एवढं दाखवायचं होतं."

"म्हणजे शीत दाखवलंय. भात शिजायचाय."

तेवढ्यात आमच्या तळमजल्यावरच्या बेन आल्या, हातात काचेची बरणी. हिवाळा लागला की बेनकडे गरमर येते. बोटाएवढ्या जाड, फिकट, मऊ मुळ्या. साल खरवडून हळद-मिठाच्या आंबट पाण्यात मुरवतात. तोंडात टाकली की आधी आंबट, मग गाजर आणि माती यांच्या मधला कसलासा स्वाद, आणि मागून एक उग्र झाक. मला पहिल्या वर्षी अजिबात आवडली नव्हती. आता डिसेंबरपासून वाट बघते.

"घाटकोपरला भेटली," बेन म्हणाल्या. "इकडे मार्केटमध्ये कोणी ठेवतच नाही आता. चाखून बघा. तुमच्यासाठी तिखट वेगळं नाही केलं हां."

काकूंनी भिंतीवरून हात लांब करून एक मुळी उचलली, तोडली, नाकाशी धरली. आणि म्हणाल्या, "हे तर ह्यांचं मूळ."

"कोणाचं?"

"ह्यांचं गं. हेक्स्टचं. मैनमूळ. पोत्यांनी यायचं. कोट धुवायला टाकला तरी खिशातून याची धूळ निघायची."

गोष्ट खरी आहे, आणि मुलुंडमध्ये ती दहा माणसांनासुद्धा ठाऊक नसेल याचा मला राग येतो. सत्तरच्या दशकात मुलुंडच्या त्या केंद्रात आपल्याकडच्या औषधी झाडपाल्यातून उपयोगी रेणू हुडकण्याचं काम चालत असे. वाळवा, कुटा, अर्क काढा, जनावरावर तपासा, काही दिसलं तर अर्क फोडा, अर्ध्यात दिसतंय का बघा, त्याचं पुन्हा अर्धं करा. कोलियस फोरस्कोली, म्हणजेच हे मैनमूळ, म्हणजेच बेनची गरमर, हिच्या मुळ्यांच्या अर्काने रक्तदाब उतरत होता. तो कशाने उतरतो ते शोधत शोधत सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांचे सहकारी एका शुद्ध स्फटिकापर्यंत पोचले. १९७७ साली त्याची रचना छापून आली. नाव पडलं फोरस्कोलिन.

"सुजाता भट?" भाचीचा हात बरणीतच राहिला. "ज्यांचं नॅचरल प्रॉडक्ट्सचं जाड पुस्तक आहे त्या? त्या तर आमच्याकडे प्रोफेसर होत्या."

"नंतर गेल्या असतील पवईला. आधी मुलुंडच्या," काकूंनी ठणकावलं.

आणि हे फोरस्कोलिन करतं काय? पेशीच्या दारावर एरवी संप्रेरकं येऊन बेल वाजवतात, मग निरोप आत जातो, मग आतला दिवा लागतो. फोरस्कोलिन बेल वाजवत बसत नाही, सरळ आत जाऊन बटण दाबतं. अमेरिकेत सीमन आणि डेली यांनी १९८१ मध्ये ते दाखवून दिलं आणि तेव्हापासून जगभरच्या पेशींच्या प्रयोगशाळांत त्याची कुपी असते. दिवा लावून बघायचाय? घाला मुलुंडचं मूळ.

यात एक कुजबुज आहे, ती काकांनी काकूंना सांगितलेली. मुलुंडला फोरस्कोलिन निघालं त्याच सुमाराला लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेनेही याच झाडातून एक रेणू काढला होता, कोलिओनॉल. कागदावर दोघांत जरासा फरक, एका ठिकाणचा हात वर की खाली एवढाच. १९८५ साली निघालं की फरक रेणूत नव्हताच, कागदात होता. दोघं एकच.

"माहेरचं नाव आणि सासरचं नाव," काकू म्हणाल्या. "मुलगी तीच."

भाची आता भिंतीला टेकून मोबाइलवर काहीतरी बघत होती. तिने स्क्रीन पुढे केली. फोरस्कोलिनची स्माइल्सची ओळ. कंस, आकडे, मधेमधे ॲटची चिन्हं. ती कुठला हात डावीकडे, कुठला उजवीकडे ते सांगतात. या रेणूत अशी आठ ठिकाणं आहेत आणि एकही चुकून चालत नाही. सगळी ओळ एका एसएमएसमध्ये मावली असती.

"मशीन ही ओळ किती वेळात लिहील?" मी विचारलं.

"मावशी, शिंक यायच्या आत."

"आणि बनवायला किती वेळ लागला?"

ते तिने शोधून सांगितलं. साध्या रसायनांपासून सुरुवात करून फोरस्कोलिन घडवणं पहिल्यांदा जमलं ते १९८७-८८ मध्ये. त्यात एक गट ई. जे. कोरी यांचा होता, ज्यांना १९९० चं नोबेल मिळालं. म्हणजे रचना कळल्यावर, कुठे जायचं हे नकाशावर ठसठशीत दिसत असताना, जगातल्या सगळ्यात तरबेज हातांना दहा वर्षं लागली. आणि हा मुळीला लागलेला रेणू. निसर्गाने एकदा करून दाखवलेला. मशीन रात्रीत हजार ओळी लिहून सकाळी टेबलावर ठेवतं, त्यातली एकही कुठल्या मुळीने कधी केलेली नसते.

बेन एवढा वेळ गप्प होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "मग ही खाल्ली तर माझं बीपी उतरेल?"

"नाही हो बेन," भाची घाईने म्हणाली. "वाळलेल्या मुळीत तो रेणू एक टक्कासुद्धा नसतो. लोणचं खा, गोळी घ्या."

"म्हणजे मी आयुष्यभर औषध वाटते आहे आणि गुण कोणालाच नाही," बेन म्हणाल्या. पण बरणीचं झाकण त्यांनी जरा अदबीनेच लावलं असं मला वाटलं.

तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी दाणे टाकले आणि पंधरावीस कबुतरं फडफडत भिंतीवर उतरली. काकूंनी पदर नाकाला लावला. दोन्ही सोसायट्यांचं ज्या एका बाबतीत एकमत आहे ती ही, फक्त दाणे कोण टाकतं ते कोणी सांगत नाही. बेननी वर बघितलं नाही.

"यांच्यावर काढा म्हणावं काहीतरी त्या मशीनला," काकू म्हणाल्या. "फुप्फुसं खाल्ली मेल्यांनी."

भाची म्हणाली की कबुतरांमुळे होतो तो आजार निराळा. पण त्याचा एक चुलतभाऊ आहे, कारण सापडत नसताना फुप्फुसाला व्रण पडत जातात आणि ते कडक होत जातं. त्यावरच्या एका औषधाचा रेणू जनरेटिव्ह मॉडेलने सुचवलेला आहे, कुठल्या प्रथिनावर नेम धरायचा तेही मशीननेच हुडकलेलं. रेंटोसर्टिब त्याचं नाव. इन्सिलिको मेडिसिन ही कंपनी. २०२५ च्या जूनमध्ये चाचणीचे निष्कर्ष आले: चीनमधले ७१ रुग्ण, १२ आठवडे. सगळ्यात मोठा डोस मिळालेल्यांची पूर्ण श्वास भरून जोरात सोडता येणारी हवा सरासरी ९८ मिलिलिटरने वाढली, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांची २० ने घटली.

"एकाहत्तर म्हणजे तुमची सोसायटी आणि आमची," काकू म्हणाल्या. "एवढ्यावर काय ठरतं?"

"म्हणूनच पुढच्या चाचण्या करायच्या."

"तिथे नाही ना शिंकेच्या आत?"

"तिथे नाही."

मग भाचीने ती दुसरी गोष्ट सांगितली, जी ऐकून बेन "अरे राम" म्हणाल्या. अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीकडे असंच औषधं सुचवणारं मॉडेल होतं. विषारी निघेल त्याला वजा गुण, अशी त्याला शिस्त लावलेली. एका परिषदेसाठी त्यांनी विचार केला, वजाचं अधिक केलं तर? केलं. सहा तासांच्या आत ४०,००० ओळी आल्या. त्यांत व्हीएक्स हा नर्व्ह एजंट होता, जो मॉडेलला कधी दाखवलेलाच नव्हता. त्यांनी काही बनवलं नाही. घाबरून २०२२ मध्ये लेख लिहिला.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? चांगल्या घरी स्थळ सांग म्हटलं, सांगितलं. वाईट घरी सांग म्हटलं, तेही सांगितलं. आमच्याकडे नव्हती का एक मावशी? दोन्हीकडून साडी घ्यायची."

ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. बेन गेल्या. काकूंच्या स्वयंपाकघरातून सून हाक मारत होती, पण त्या काही बादलीवरून उतरेनात. गरमरीची अर्धी मुळी अजून त्यांच्या चिमटीत होती.

"किती म्हणालीस गं, सदतीस?"

"सदतीस."

"आणि तुमच्या त्या मोबाइलला कोणी धड उखाणे ऐकवले नसतील. कुठल्या तरी पुस्तकातले घातले असतील, छापाचे. म्हणून फणस लागतात." त्यांनी मुळी पदराच्या टोकात बांधली. "आता मला कोणी विचारत नाही नाव घ्यायला. पण माझा घेतलेला आहे. बोहल्यावरून उतरल्यावर, कल्याणला, त्र्याहत्तर साली. आत्याबाई दारात पाय रोवून उभ्या होत्या, सोडेनात. मी स्वतः रचला होता, कोणाचा नाही. तो घाल त्याच्यात. अडतिसावा."

भाचीने मोबाइल पुढे धरला. मी कबुतरांना हुसकलं.

काकूंनी बादलीवर ताठ उभं राहून डोक्यावर पदर घेतला, जो त्या एरवी कधी घेत नाहीत.

"कल्याणची लोकल मुलुंडला थांबते मिनिटभर…"

पुढे नाव होतं. ते त्यांनी आडनावासकट घेतलं, आणि मी इथे लिहीत नाही.

"…ची वाट बघेन मी जन्मभर."